साधनांचं कपाट भरलेलं आहे पण वहीत काही उतरत नाही, नेमकं काय वापरायचं?

तिसरीची_बाई

नमस्कार मंडळी, तिसरीचा वर्ग आहे, गणित भाषा परिसर सगळं मीच घेते, पोरं चाळीसच्या वर. साधनं नाहीत अशी तक्रार नाहीये, उलट कपाट उघडलं की अंगावर पडतात. दशक-सुट्यांचे ठोकळे, मणीमाळा, अपूर्णांकाच्या चकत्या, गुंडाळून ठेवलेले तक्ते, वर प्रोजेक्टर, आणि ग्रुपवर येणाऱ्या वर्कशीटचा तर पाऊसच. ठोकळे काढले की वर्ग एकदम खूश, ५२ मधून २७ काढा म्हटलं की बरोबर काढतात, २५ उरले म्हणून ओरडून सांगतात. आणि तीच पोरं दुसऱ्या दिवशी वहीत ५२ खाली २७ मांडतात आणि उत्तर लिहितात ३५! सातातून दोन काढले, पाचातून दोन काढले, मोकळे झाले.

मग वाटतं हा सगळा खटाटोप कशासाठी. बरोबरीचे शिक्षक म्हणतात अजून साधनं वापरा, जेवढी जास्त तेवढं बरं, पण मला उलट वाटायला लागलंय. तर प्रश्न असा की कुठलं साधन घ्यायचं हे तुम्ही कशावरून ठरवता, आणि घेतलेलं कधी बंद करता? ठोकळ्यांचे संच दोनच आहेत, त्यामुळे बहुतेक पोरं नुसती मान उंच करून बघत असतात तेही आहेच. पीपीटीबद्दलही सांगा, मला त्यातलं फार कळत नाही.

फळ्याजवळचा

ताई, ३५ हे उत्तर फार बोलकं आहे. पोराला वजाबाकी येते, पण ठोकळ्यांची वजाबाकी आणि वहीतली वजाबाकी हे त्याच्या लेखी दोन वेगळे खेळ आहेत, त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. आपल्याला ठोकळ्यात दशक दिसतो कारण दशक आपल्याला आधीच माहीत आहे. त्याला लाकडाचा दांडा दिसतो. १९९२ मध्ये डेबोरा बॉल नावाच्या गणित शिक्षणाच्या अभ्यासक बाईंनी यावर एक छान लेख लिहिला होता, मुद्दा हाच, की वस्तू हातात दिली म्हणजे त्यातलं गणित आपोआप डोक्यात शिरतं ही आपली भाबडी आशा असते.

आता करायचं काय ते सांगतो. जोडीत बसवा, एकाकडे वस्तू, दुसऱ्याकडे पाटी किंवा वही. वस्तूवाल्याने एक हालचाल केली की लिहिणाऱ्याने तेवढीच गोष्ट आकड्यात लिहायची, आणि ती लिहून होईपर्यंत वस्तूवाल्याने हात बांधून बसायचं. म्हणजे ५२ साठी पाच दशक दोन सुटे मांडले, थांब. याने ५२ लिहिलं. आता सात सुटे काढायचेत, आहेत दोनच, म्हणून एक दशक सोडला, थांब. याने ५ खोडून वर ४ लिहिला, २ च्या जागी १२ केले. ही जी खाडाखोड आहे ना, ती आपण एरवी फळ्यावर मंत्रासारखी शिकवतो, इथे ती समोर घडलेल्या गोष्टीची नोंद होते. मग सात काढले, ५ लिहिले, दोन दशक काढले, २ लिहिले. पुढच्या उदाहरणाला अदलाबदल. उत्तर ३५ येणारं पोरगं इथे अडकतंच, कारण समोर सात सुटे नाहीतच, दोनातून सात निघत नाहीत हे त्याला हाताने कळतं आणि त्याच क्षणी ते कागदावर कसं दिसतं तेही बघायला मिळतं.

निवडीचं म्हणाल तर दशक पहिल्यांदा फोडायला शिकवताना ते तयार ठोकळे घेऊच नका. दहाचा दांडा फुटत नाही, तो पेटीत ठेवून दहा सुटे घ्यावे लागतात, आणि तिथे पोरांचा गोंधळ होतो, त्यांना वाटतं एक दिला आणि दहा मिळाले, मजा आहे. त्यापेक्षा काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, रबरबँड लावलेले. रबर काढलं की तेच दहा सुटे झाले, बाहेरून काही आलं नाही. गठ्ठे पोरांनीच बांधायचे, मोजून. म्हणजे तुमचा दोन संचांचा प्रश्नही सुटला. ठोकळे नंतर, शतक आल्यावर, कारण शंभर काड्यांचा गठ्ठा सांभाळणं म्हणजे शिक्षा आहे आणि तिथे ती शंभराची चौकोनी पाटी कामाला येते, तोवर बदलून घेण्याची कल्पनाही पचलेली असते.

आणि बंद कधी, तर टप्प्याटप्प्याने. गठ्ठ्यांनंतर नुसती चित्रं, दशकाला उभी रेघ आणि सुट्याला टिंब, मग नुसते आकडे. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये कृती, चित्र, चिन्ह असे तीन प्रकार मांडले होते तेच हे, फक्त आपण मधला चित्राचा टप्पा घाईत गाळतो आणि सगळी गडबड तिथे होते. माझी एक आवडती युक्ती आहे, सामान डब्यात घालायचं, झाकण लावायचं, आणि पोराला सांगायचं की आता डब्याला हात न लावता सोडव पण आत काय चाललंय ते मला बोलून दाखव. ज्याला ते सांगता येतं त्याला परत काड्या द्यायची गरज नाही. ज्याला येत नाही त्याने झाकण उघडावं, त्यात लाज कसली. ३०४ मधून १५६ असं मधे शून्य आलं की सगळ्यांचीच झाकणं उघडतात 😄

शंकेखोर

वरच्या सरांचं पटलं तरी थोडं उलटं बोलतो. साधन वाटायला आणि गोळा करायला तासातला किती वेळ जातो याचा हिशोब कुणीच मांडत नाही. वाटप, भांडणं, खाली पडलेलं शोधणं, परत मोजून ठेवणं, आणि मधे कुठेतरी गणित. फळ्यावर नीट काढलेली आकृती आणि चार चांगले प्रश्न हेही शैक्षणिक साधनच आहे की, पण त्याचा फोटो चांगला येत नाही म्हणून त्याला कुणी साधन म्हणत नाही.

आणि ते 'जेवढी जास्त तेवढं बरं' कुठून येतं माहितीये का, तो त्रिकोण असतो ना सगळ्या प्रशिक्षणात, वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के. एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाच्या नावावर खपवतात. डेलने १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू काढला होता हे खरं, पण त्यात टक्केवारी नव्हतीच, ते आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. किती लक्षात राहील हे काय शिकवायचंय आणि ऐकणाऱ्याला आधी काय माहीत आहे त्यावर ठरतं, इतके गोल गोल आकडे आले की तिथेच शंका यायला हवी होती.

तक्त्यांचंही तेच. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१४ चा एक प्रयोग आहे, बालवर्गातली २४ मुलं, तेच धडे, कधी भिंती गच्च भरलेल्या खोलीत आणि कधी रिकाम्या भिंतींच्या खोलीत. भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त उडालं आणि चाचणीत बरोबर उत्तरं ४२ टक्के, रिकाम्या खोलीत ५५. मुलं लहान होती, संख्या कमी होती, त्यामुळे यावरून सगळे तक्ते उतरवा असं मी म्हणणार नाही, पण जो घटक चालू आहे तेवढाच तक्ता भिंतीवर ठेवा, बाकीचे गुंडाळा, एवढं तरी म्हणायला काय हरकत आहे. वर्षभर तेच फळांचं आणि प्राण्यांचं चित्र लटकत असतं, पोरं काय, आपणही त्याच्याकडे बघायचं सोडून देतो.

तिसरीची_बाई

अहो तो टक्केवारीचा त्रिकोण आमच्या स्टाफरूममध्ये फ्रेम करून लावलाय 🙈 आता जाता येता दिसणार.

सर, जोडीचं आणि हात बांधून बसण्याचं फारच आवडलं, माझ्याकडे नेमकं हेच होत नव्हतं, ठोकळ्यांचा दिवस वेगळा आणि वहीचा दिवस वेगळा. अपूर्णांकाचं पण कुणीतरी सांगा ना, चकत्या वापरू की नको? आणि वर्कशीट.

चौथी_पाचवी_गणित

अपूर्णांकावर मी बोलते, तो माझा रोजचा त्रास आहे. चकत्या वाईट नाहीत, पाव-अर्धा-पाऊण दाखवायला उत्तम, आणि पूर्ण म्हणजे किती हे गोलात झटकन कळतं. पण नुसत्या चकत्यांवर राहिलात तर चौथी-पाचवीच्या बाईला (म्हणजे मला) पुढे सगळं उपसावं लागतं. दोन चकत्या घ्या, दोन्हीचे चार-चार भाग, पाच भाग रंगवा आणि विचारा किती. वर्गातली बरीच पोरं ५/८ म्हणणार, ५/४ नाही. त्यांचं काही चुकत नाही हो, त्यांनी एकूण भाग मोजले आणि रंगवलेले मोजले, आपण तेच तर शिकवलं होतं. एक पूर्ण म्हणजे कोणता हे कधी बोललोच नाही. शिवाय गोलाचे पाच समान भाग मोठ्यांनाही हाताने करता येत नाहीत, मग पोरं वाकडेतिकडे भाग करतात आणि 'समान' हा शब्द हवेत राहतो.

म्हणून कागदाच्या पट्ट्या. सगळ्यांना सारख्या लांबीची, घडी घालून अर्धी, परत घालून पाव, परत घालून आठवा. तिसरा भाग करायला सांगा आणि गंमत बघा, घडी घालून घालून कागदाचा चुरा होतो, पण एक तृतीयांश अर्ध्यापेक्षा लहान आणि पावापेक्षा मोठा हे त्या झटापटीतच कळतं. मग पट्ट्या एकाखाली एक चिकटवायच्या. छेद मोठा तर तुकडा लहान हे सांगावं लागत नाही, दिसतं. नंतर त्याच पट्टीच्या कडेने वहीत रेघ ओढायची आणि घड्यांच्या जागी खुणा करायच्या, झाली संख्यारेषा तयार. तिथून पुढे ५/४ सहज येतं, पट्टी संपली तरी रेघ पुढे जाते ना. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संशोधन विभागाने २०१० मध्ये अपूर्णांकावर शिक्षकांसाठी मार्गदर्शिका काढली होती, त्यातही संख्यारेषेवर भर आहे. फक्त एक सांभाळा, पोरं खुणा मोजतात, अंतरं मोजत नाहीत, शून्याच्या खुणेलाच 'एक' म्हणून सुरुवात करतात, तेव्हा खुणांवर बोट ठेवून नाही तर एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर उडी मारत मोजायला लावा.

कपाटात रंगीत कुझनेअर दांड्या असतील तर त्याही काढा, एक ते दहा सेंटिमीटरच्या असतात, प्रत्येक लांबीचा रंग वेगळा. नारिंगी म्हणजे दहा, त्याला पूर्ण म्हटलं तर पिवळी, पाचची, अर्धी. हे जमलं की लगेच पूर्ण बदला, आता तपकिरी म्हणजे आठची पूर्ण, सांगा अर्धी कोणती? जो पोरगा परत पिवळी उचलतो त्याने 'अर्धा म्हणजे पिवळा' असं पाठ केलंय. जांभळी, चारची, उचलली की कळलंय. साधन निवडताना मी हेच बघते, की चुकीचं समजलेलं पोरगं त्यात उघडं पडतं का. सगळ्यांचंच उत्तर बरोबर येतंय असं साधन असेल तर त्याने मला काहीच सांगितलं नाही.

विज्ञानाचा_तास

वरच्या ताईंचं शेवटचं वाक्य विज्ञानालाही लागू. प्रत्येक प्रतिकृती काहीतरी खरं दाखवते आणि काहीतरी खोटं, आणि खोटं काय ते पोरांनीच शोधायला हवं. पृथ्वी-चंद्राचं मॉडेल घ्या, जे असतं त्यात चंद्र पृथ्वीपासून वीतभर लांब असतो. वर्गातला पृथ्वीगोल ३० सेंटिमीटरचा धरला तर त्या मापाने चंद्र साधारण ८ सेंटिमीटरचा चेंडू होतो, ते ठीक, पण तो ठेवायचा कुठे तर सुमारे ९ मीटर लांब! कारण मधलं अंतर पृथ्वीच्या व्यासाच्या जवळजवळ तीसपट आहे. आधी पोरांना विचारतो, चेंडू घेऊन कुठे उभं राहशील. बहुतेक सगळी हाताच्या अंतरावर उभी राहतात. मग एकाला चालत चालत दाराबाहेर पाठवायचं, वर्ग तिथे खऱ्या अर्थाने शांत होतो. त्यानंतर मॉडेल कपाटातलंच वापरा, ग्रहण दाखवा, काही बिघडत नाही, कारण त्यात काय खोटं आहे ते आता त्यांना माहीत आहे.

पीपीटीचं थोडक्यात सांगतो. स्लाइडवर परिच्छेद लिहून तोच मोठ्याने वाचू नका. पोरं आपल्या वेगाने वाचतात, तुम्ही तुमच्या वेगाने बोलता, दोन्ही एकमेकांत अडकतं, यावर बरेच प्रयोग झालेत. स्लाइडवर चित्र आणि तुमच्या तोंडी बोलणं, एवढं पुरे. नावं द्यायची तर चित्रातच त्या त्या भागाला चिकटून द्या, बाजूला १, २, ३ अशी यादी नको, नजर इकडून तिकडे फिरवण्यातच दम जातो. हलणारी अक्षरं, टाळ्यांचे आवाज वगैरे तर कृपा करून नकोच. व्हिडिओ असेल तर लावण्याआधी एक प्रश्न द्या आणि मधेच थांबवून 'आता पुढे काय होईल' विचारा, नाहीतर तो सिनेमा होतो आणि आपण दिवे लावणारे.

पण एक मात्र कबूल करायला हवं, पेशीत काय चालतं किंवा ज्वालामुखी कसा फुटतो हे फळ्यावर खडूने दाखवायला मर्यादा आहेत. तिथे प्रोजेक्टर हवाच. बेरजेला कशाला?

भाषेची_ताई

वर्कशीटबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी. तिसरीला वाचन घेताना माझी साधी कसोटी आहे, वर्कशीटमधले शब्द हाताने झाका आणि बघा की ते न वाचता, नुसत्या चित्रांवरून पोराला उत्तर येतं का. येत असेल तर ते वाचनाचं वर्कशीट नाहीच, चित्र ओळखण्याचं आहे. चित्रशब्द कार्डाचंही असंच, चित्र आणि शब्द एकाच बाजूला असला की पोरं चित्र वाचतात, शब्दाकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि आपण म्हणतो वा, वाचायला आलं! शब्द पुढे, चित्र मागे, आधी वाच मग उलटून खात्री कर, एवढ्या बदलाने तेच कार्ड कामाचं होतं.

दुसरं, जोड्या लावा. दोन्हीकडे पाच-पाच असले की चार आल्यावर पाचवी फुकट मिळते, तीन आली तरी उरलेल्या दोन अंदाजाने जमतात. एका बाजूला दोन जास्तीचे पर्याय घाला. आणि दोन मिनिटांचं वाचन अन् पंधरा मिनिटांचं रंगकाम असली वर्कशीटं मी फाडूनच टाकते, फार राग येतो मला त्यांचा. रंगवायचंच असेल तर चित्रकलेच्या तासाला मोठ्या कागदावर मनसोक्त रंगवू दे की.

शंकेखोर

ताई भाषेच्या, तुमचं जास्तीच्या पर्यायांचं उचललं, उद्याच वापरतो. तिसरीच्या बाईंना एवढंच की चकत्या, पट्ट्या, दांड्या, काड्या सगळं एकाच आठवड्यात काढू नका. प्रत्येक नव्या साधनाचे नियम पोराला आधी शिकावे लागतात, त्यातच त्याचं डोकं भरतं. एक-दोन निवडा आणि वर्षभर तीच पुन्हा पुन्हा.

तिसरीची_बाई

खूप मदत झाली सगळ्यांची. ठरवलंय असं की आधी फक्त काड्या, जोडीत, नोंदीसकट, आणि अपूर्णांक आला की पट्ट्या. बाकी कपाट सध्या बंद. तक्ते उद्याच उतरवते, मुख्याध्यापक विचारतील तेव्हा बघू. शेवटचं एक विचारते, काड्या हातात आल्या की पहिले काही मिनिटं घरं, विमानं, तलवारी सुरू होतात, ओरडावं लागतं, त्याचं काय करता?

फळ्याजवळचा

करू द्या की. ज्यांच्या नावाने ते ठोकळे ओळखले जातात त्या झोल्टान डीन्स या गणितज्ञानेही शिकण्याची पहिली पायरी मोकळा खेळ हीच धरली होती. पहिल्या दिवशी अख्खा वेळ खेळायलाच द्या, शिकवू नका, हौस फिटू दे. नंतरच्या दिवसांत सुरुवातीची दोन-तीन मिनिटं, आणि तुमची एक ठरलेली खूण, टाळी म्हणा किंवा फळ्यावर टकटक, ती झाली की काड्या खाली आणि हात मागे.

वाटपासाठी दर जोडीला एक छोटी पिशवी करून ठेवा, आत नऊ गठ्ठे आणि वीस सुट्या, दोन अंकी वजाबाकीला तेवढं पुरतं. पिशवीवर जोडीचा नंबर. तास संपला की मोजून भरायची जबाबदारी जोडीची, आणि ती मोजणी घाईत उरकू देऊ नका, दहा सुट्या झाल्या की रबर लावायचं हे रोज आपोआप होतं, तोही सरावच आहे. रबरबँड जास्तीचे ठेवा, ते पहिल्याच आठवड्यात बोटांवरून उडवून संपवतात.